गाडीचा फेरफार

मुंबईहून आग्रा रस्त्याने कसारा घाट चढून आले की इगतपुरी लागते. इथे महिंद्राचा इंजिनांचा कारखाना आहे. याच महिंद्राने डिसेंबर २०१५ मध्ये इटलीतली पिनिनफरिना ही कंपनी घेण्याचा करार केला. बत्तिस्ता फरिना याने १९३० साली तुरीन शहरात हा बॉड्या बांधण्याचा कारखाना काढला. १९४७ ची चिसितालिया २०२ याच कारखान्याची. न्यूयॉर्कच्या आधुनिक कला संग्रहालयाने ती कलाकृती म्हणून आपल्या संग्रहात घेतली. पन्नासच्या दशकापासून पुढे कित्येक वर्षे रस्त्यावर धावणाऱ्या बहुतेक फेरारींचे रूप इथेच ठरत गेले. इगतपुरीत इंजिन जुळवणाऱ्या कामगाराचा आणि तुरीनजवळ गाडीची रेषा काढणाऱ्या माणसाचा पगार आज एकाच उद्योगसमूहातून निघतो. जुन्या इटालियन स्पोर्ट्स कारची खरी ओळख कशी शोधावी, हा विषय मराठी वाचकाला वाटतो तेवढा परका नाही, हे सांगण्यासाठी सुरुवात इथून केली. पुढे दिसेल की हा धागा महिंद्राच्या कराराच्याही बराच आधीचा आहे आणि तो कुर्ल्यातून जातो.

प्रश्न सरळ आहे. समोर उभी असलेली गाडी तीच आहे का, जी ती असल्याचे सांगितले जाते? फेरारी २५० जीटीओ १९६२ ते १९६४ या काळात ३६ बांधल्या गेल्या. त्यांपैकी एक ऑगस्ट २०१८ मध्ये कॅलिफोर्नियातल्या लिलावात ४ कोटी ८४ लाख डॉलरला गेली, आणि नोव्हेंबर २०२३ मध्ये न्यूयॉर्कला याच जातीची दुसरी ५ कोटी १७ लाख डॉलरला. ॲल्युमिनियमचा पत्रा, पोलादी नळ्यांचा सांगाडा, बारा सिलिंडरचे इंजिन हे सगळे कुशल कारागीर आजही हुबेहूब करून देतात. तसे केले तर खर्च मूळ गाडीच्या किमतीच्या अगदी छोट्या अंशातच राहील. उरलेला सगळा पैसा एकाच गोष्टीचा असतो: ही गाडी तीच आहे, या विधानाचा. इतका पैसा एका विधानावर टांगलेला असला की ते खोटे करण्याचा मोह होणारच. म्हणून ते विधान सिद्ध कसे करायचे, याला शास्त्र लागते. या पुस्तकात त्या शास्त्राची मांडणी आहे. माझे म्हणणे असे की गाडीची ओळख तिच्या सलग इतिहासात असते. चेसीसवरचा नंबर, इंजिन, बॉडी, रंग, कारखान्याचा दाखला हे सगळे त्या इतिहासाचे पुरावे आहेत. यांपैकी कोणत्याही एका पुराव्यालाच ओळख मानले की फसगत सुरू होते.

पहिला आक्षेप नंबराचा. पोलीस, आरटीओ, बँक, विमा कंपनी सगळे चेसीस नंबर बघतात. मग जुन्या गाडीला तो का पुरू नये? आरटीओत गाडी पासिंगला नेली की नंबरावर कागद धरून वरून पेन्सिल घासतात आणि तो ठसा फाइलला लागतो. नव्या गाडीला हे पुरते, कारण तिला अजून भूतकाळ नाही. साठ-सत्तर वर्षांच्या स्पर्धेच्या गाडीची गोष्ट वेगळी. सीमा ओलांडताना प्रत्येक गाडीला जकातीचे कार्नेट लागे आणि त्यात चेसीस नंबर लिहिलेला असे. शर्यत आठवड्यावर आली आहे, कार्नेट एका गाडीचे आहे आणि धावायला तयार दुसरीच आहे, अशा वेळी पाटी इकडची काढून तिकडे लावली जाई. त्या काळच्या शर्यतीच्या पथकांना यात फसवणूक वाटत नसे, ती कामाची निकड होती. पण त्यामुळे शर्यतीच्या यादीतला नंबर आणि त्या दिवशी प्रत्यक्ष धावलेला सांगाडा एकच होता, असे डोळे मिटून म्हणता येत नाही. अपघातात वाकलेला सांगाडा बदलून नव्यावर जुनाच नंबर ठोकणे हेही चालत असे. आणि ज्या गाडीला वेगळी चेसीसच नाही, बॉडी हीच जिची चेसीस, तिचा नंबर पत्र्याच्या एका तुकड्यावर असतो. तो तुकडा कापून दुसऱ्या गाडीत वेल्ड करायला चांगल्या पत्राकामवाल्याला एक दिवस पुरे.

म्हणून जाणकार नंबरापाशी न थांबता, नंबर घालणाऱ्याच्या कधी ध्यानातही येणार नाहीत अशा जागा बघतात. मारानेल्लोच्या, म्हणजे फेरारीच्या कारखान्याच्या, इंजिनावर बाहेरच्या नंबराखेरीज कारखान्याचा अंतर्गत नंबर असतो. गिअरबॉक्स आणि मागच्या ॲक्सलवर त्यांचे स्वतःचे नंबर असतात. बॉडी बांधणाऱ्याचा नंबर तर आणखी वेगळा. तो दाराच्या बिजागरीवर, बॉनेटच्या आतल्या कडेला, क्रोमच्या पट्टीच्या पाठीमागे ठोकलेला किंवा खडूने लिहिलेला सापडतो, कारण हाताने घडवलेल्या एका गाडीचे दार दुसरीला नीट बसत नसे आणि रंगकामाला सुटे केलेले भाग पुन्हा जुळवताना कामगाराला ओळखता यावे लागत. मालकाला दाखवण्यासाठी तो आकडा घातलेलाच नव्हता. म्हणून त्याची साक्ष मोलाची. बॅजही असाच बोलतो. बत्तिस्ताला घरी 'पिनिन' म्हणत, आणि १९६१ पर्यंत त्याच्या कारखान्याचे नाव 'पिनिन फरिना' असे दोन शब्दांत लिहिले जाई. १९६१ साली इटलीच्या राष्ट्राध्यक्षांच्या हुकमाने त्याचे आडनावच 'पिनिनफरिना' झाले आणि मग नाव एका शब्दात आले. १९५५ च्या गाडीवर एका शब्दाचा बॅज दिसला तर गाडी खोटी ठरत नाही. बॅज नंतरचा आहे एवढे मात्र नक्की, आणि तो का बदलावा लागला हा पुढचा प्रश्न उभा राहतो. उत्तर बहुधा अपघातात किंवा रंगकामात सापडते, आणि ते सापडले की गाडीच्या आयुष्यातले एक वर्ष उलगडते.

शेतजमिनीचा व्यवहार केलेल्या कुणालाही ही पद्धत लगेच कळेल. सातबारा आजची स्थिती सांगतो. जमीन या नावावर कशी आली ते फेरफार सांगतो. हुशार माणूस सातबारा बघून बयाणा देत नाही, जुने फेरफार काढून बघतो, आणि मधली एक नोंद जरी तुटलेली दिसली तरी थांबतो. इटलीत गाड्यांसाठी ही सोय १९२७ पासून आहे. त्या वर्षी तिथे सार्वजनिक वाहन नोंदवही सुरू झाली. गाडी कुणी कुणाला, कधी, किती लिरांना विकली, तिच्यावर कर्जाचा बोजा होता का, हे तीत उतरत गेले. गाडी एका प्रांतातून दुसऱ्यात गेली की तिला नवी नंबरप्लेट मिळे. मिलानची एमआय, मोदेनाची एमओ, रोमची रोमा. मालकीचा कालक्रमवार उतारा मिळाला की गाडी कोणत्या शहरात किती वर्षे होती हे कळते, आणि मग त्या शहरातल्या शर्यतींचे फोटो, वर्तमानपत्रे, गॅरेजची बिले शोधता येतात. सायमन मूर यांचा आल्फा रोमिओच्या आठ सिलिंडरी २९०० गाड्यांवरचा 'द इमॉर्टल २.९' हा ग्रंथ अशाच चिकाटीतून झाला आहे. जातीचे वर्णन करून न थांबता त्यांनी एकेका चेसीसचे चरित्र लिहिले. या क्षेत्रात खरे काम कशाला म्हणायचे याचा तो नमुना आहे.

यावर लिलावघरांच्या जगातून एक तयार उत्तर येते: एवढी खटपट कशाला, कारखान्याचाच दाखला घ्या. फेरारीने २००६ साली यासाठी स्वतंत्र विभाग काढला, लॅम्बोर्गिनीने २०१५ साली. दोघांकडे मूळ नोंदी आहेत, जाणकार आहेत, आणि त्यांच्या कामाबद्दल मला आदर आहे. पण त्यांच्या दाखल्याचा अर्थ नीट समजून घ्यायला हवा. गाडी आज मूळ आराखड्याबरहुकूम आहे का, एवढे तो मुख्यतः सांगतो. मधल्या साठ वर्षांत ती कुठे होती, कुणाच्या हातात होती, कितीदा दुभंगली, हे सांगणे त्याचे काम नाही. शिवाय कारखान्याचा कागद म्हणजे निखळ सत्य, हे गृहीतकही तपासून घ्यावे लागते. स्पर्धेत उतरवायला ठरावीक संख्येने गाड्या बांधल्याचे दाखवावे लागे, आणि ती मर्यादा शंभरची होती. छत्तीस जीटीओ त्या नियमात बसल्या त्या आधीच्या २५० जीटीची पुढची आवृत्ती म्हणून. मग १९६४ साली २५० एलएम हीही तशीच आवृत्ती असल्याचे फेरारीने मांडले, तेव्हा स्पर्धा नियामकांनी ते मान्य केले नाही. त्या गाडीत इंजिन पुढून मागे गेले होते, आणि पहिली सोडली तर सगळ्यांचे इंजिन ३.३ लिटरचे होते. फेरारीच्या तेव्हाच्या पद्धतीत नावातला आकडा म्हणजे एका सिलिंडरची घनक्षमता. त्या हिशेबाने गाडीचे नाव २७५ हवे होते. २५० हे नाव ठेवले ते कागदावर जुन्या जातीशी नाते राहावे म्हणून. तेव्हा कारखान्याची नोंदसुद्धा कुणी, कशासाठी, कुणाला दाखवण्यासाठी केली हे विचारूनच वाचायची. इतिहासकार दरबारी कागद जसा वाचतो तसाच हाही.

दुसऱ्या टोकाचा आक्षेप अधिक खोल आहे. इंजिन बदलले, पत्रा बदलला, सांगाडासुद्धा बदलला, तर उरले काय, आणि ओळख तरी कशाची सांगता? याचे मला पटलेले उत्तर इंग्लंडच्या उच्च न्यायालयाने १९९० साली दिले. गाडी इटालियन नव्हती, बेंटली होती: १९२९ आणि १९३० अशी लागोपाठ दोन वर्षे ल मान्सची चोवीस तासांची शर्यत जिंकलेली 'ओल्ड नंबर वन'. तिचा सौदा सुमारे एक कोटी पौंडांना ठरला, आणि मग घेणाऱ्याने हरकत घेतली की ही ती गाडी नव्हेच. पुराव्यात दिसले ते असे. शर्यतींच्या काळातच तिचे भाग वरचेवर बदलले होते, पुढे मोठे इंजिन बसले, १९३२ च्या ब्रुकलँड्सच्या भीषण अपघातानंतर ती पुन्हा बांधली गेली. ल मान्सच्या दिवसांचा फार थोडा धातू तिच्यात उरला होता. तरीही न्यायमूर्ती ऑटन यांनी ती अस्सल ठरवली. प्रत्येक बदल त्याच गाडीवर, तिच्या चालत्या आयुष्यात झाला होता. ती कधी नाहीशी होऊन नंतर कुणी नव्याने उभी केली असे घडले नव्हते. आणि त्या नावावर हक्क सांगणारी दुसरी गाडीही नव्हती. ती मूळ अवस्थेत आहे असे कुणी म्हणू नये, हेही न्यायालयाने मोकळेपणी नोंदवले. मला हा निर्णय या विषयातला सर्वांत शहाणा कागद वाटतो, कारण त्याने दोन प्रश्न वेगळे केले. गाडीत जुने किती उरले हा एक, आणि गाडी कोणती हा दुसरा. बाजारात या दोन प्रश्नांची गल्लत रोज होते.

इगतपुरीसारख्या रेल्वेच्या गावाला यात नवल वाटू नये. थळ घाटाने, म्हणजे कसाऱ्याच्याच घाटाने, इथवर गाड्या चढू लागल्या त्याला दीडशेहून अधिक वर्षे झाली. वाफेच्या काळात वर्कशॉपमध्ये एका इंजिनाचा बॉयलर काढून दुसऱ्याला बसवणे हे नित्याचे काम होते. बॉयलरला त्याचा वेगळा नंबर आणि तपासणीची वेगळी नोंद असे, इंजिनाची नोंद तिच्या जागी चालू राही. बॉयलर बदलला म्हणून इंजिन दुसरे झाले असे कुणी म्हटले नाही. घाटात राबलेली 'खेकडा' जातीची विजेची इंजिने आज संग्रहालयांत आहेत. दिल्लीच्या राष्ट्रीय रेल्वे संग्रहालयातले ४५०२ क्रमांकाचे 'सर लेस्ली विल्सन' त्यांपैकी एक. ते तेच आहे की नाही असा वाद होत नाही, कारण भाग बदलले तरी वही तुटली नाही. रेल्वेला पुनर्विक्रीचा हव्यास नव्हता हे खरे, पण मला महत्त्वाची वाटते ती नोंदीची शिस्त. बदल लपवायचा नाही, लिहायचा, एवढा नियम पाळला की निम्मे वाद जन्मालाच येत नाहीत.

कागद आणि धातू यांच्यानंतर तिसरी साक्ष माणसांची. ती सर्वांत जिवंत असते आणि सर्वांत निसरडीही. १९६९ च्या 'द इटालियन जॉब' या चित्रपटाच्या आरंभी नारिंगी लॅम्बोर्गिनी मिउरा आल्प्समधल्या घाटातून जाते आणि बोगद्यात तिचा चुराडा होतो. चुराडा झाला तो आधीच अपघातात सापडलेल्या दुसऱ्या मिउराचा. चालत्या दृश्यांत होती ती धड गाडी चित्रीकरण आटोपल्यावर कारखान्यात परतली आणि साधी नवी गाडी म्हणून विकली गेली. पुढे कित्येक वर्षे ती कोणती, याचा शोध चालला. २०१९ साली लॅम्बोर्गिनीने चेसीस ३५८६ हीच ती, असे प्रमाणित केले. त्यात एक बारीक खूण कामी आली. त्या गाडीत पांढऱ्या चामड्याच्या सीट होत्या. चित्रीकरणात त्या खराब होऊ नयेत म्हणून कारखान्याच्या चालकाने काळ्या सीट बसवल्या, पण डोके टेकायच्या गाद्या मागच्या काचेला जडलेल्या असल्याने वेळेत बदलता आल्या नाहीत आणि पांढऱ्याच राहिल्या. पडद्यावर काळ्या सीटच्या वर पांढऱ्या गाद्या दिसतात. एका म्हाताऱ्या चालकाची आठवण, पडद्यावरची चौकट आणि कारखान्याची नोंद या तिन्ही गोष्टी एकमेकींशी जुळल्या, तेव्हा निर्णय झाला. नुसती आठवण असती तर ती आख्यायिका ठरली असती. नुसती नोंद असती तर त्या रंगाच्या गाड्या आणखीही होत्या. पुरावे एकमेकांपासून स्वतंत्र असले आणि तरी एकाच ठिकाणी येऊन मिळाले, तरच त्यांना वजन येते.

प्रयोगशाळेबद्दल अलीकडे मोठ्या आशा बाळगल्या जातात. घासून काढलेला नंबर आम्लाने पुन्हा उमटवता येतो, कारण ठोकताना धातू आतपर्यंत दबलेला असतो. रंगाचे थर मोजता येतात, वेल्डची जात ओळखता येते, मिश्रधातू त्या काळचा आहे का हे पाहता येते. खोटे उघडे पाडायला हे फार उपयोगी आहे. पण खरे सिद्ध करायला अपुरे आहे. १९५७ चे पोलाद १९५७ चेच आहे, एवढे प्रयोगशाळा सांगेल. ते मिल्ले मिल्याच्या शर्यतीत धावले की मोदेनातल्या एखाद्या दंतवैद्याच्या दारात उभे राहिले, हे ती कुठून सांगणार? त्यासाठी पुन्हा वहीकडेच यावे लागते.

आता ज्या आक्षेपाला मी सर्वांत जास्त वजन देतो त्याकडे. हा कोट्यधीशांचा खेळ आहे, मराठी माणसाने त्यात वेळ का घालवावा? उत्तर कुर्ल्यात आहे. सोलापूरच्या वालचंद हिराचंद यांनी १९४४ साली प्रीमियर ऑटोमोबाइल्स स्थापन केली. आधी क्रायस्लरच्या गाड्या, मग १९५१ पासून फियाटशी करार, छोटी टोपोलिनो, आणि त्यानंतर मिलेचेंतो, म्हणजे फियाट ११००. तिच्या गोल पाठीमुळे मुंबईने तिला डुक्कर फियाट म्हटले, आणि ते नाव टिकले. १९६४ साली ११००डी आली. तीच पुढे १९७४ मध्ये पद्मिनी झाली आणि नव्या शतकाच्या उंबरठ्यापर्यंत कुर्ल्यातून बाहेर पडत राहिली. पन्नास वर्षे महाराष्ट्रातल्या मध्यमवर्गाने, डॉक्टरांनी, वकिलांनी आणि काळ्या-पिवळ्या टॅक्सीवाल्यांनी जी गाडी चालवली तिचे रक्त तुरीनचे होते. ती स्पोर्ट्स कार नव्हती, पण तिच्या ओळखीचे प्रश्न अगदी त्याच जातीचे आहेत. सुरुवातीच्या गाड्या सुटे भाग आणून इथे जुळवल्या गेल्या; मग टप्प्याटप्प्याने एकेक भाग देशी झाला. एखाद्या डुक्कर फियाटचे दार तुरीनचे आणि मडगार्ड कुर्ल्याचे असू शकते, आणि दोन्ही अस्सलच. इटलीच्या ११००डीचे इंजिन १२२१ सीसीचे होते, आपल्याकडच्या ११००डीचे आणि पद्मिनीचे १०८९ सीसीचे. तेव्हा 'इम्पोर्टेड' म्हणून दाखवलेली ११००डी उजव्या स्टिअरिंगची आणि १०८९ सीसीची निघाली, तर विकणाऱ्याला दोन प्रश्न जास्त विचारावेत. ही गाडी वेगळ्या चेसीसची नव्हे, बॉडीच चेसीस. म्हणजे पत्रा कापून नंबर बदलण्याचा जो धोका मघाशी सांगितला तो हिलाही आहे, आणि तो फक्त हौशी माणसाला नाही. चोरीची गाडी अपघातातल्या गाडीच्या कागदांवर उभी करणारे लोक हेच तंत्र वापरतात. जीटीओची तपासणी ज्याला कळली, त्याला जुनी गाडी विकत घेताना काय बघायचे तेही कळले. फरक पैशांचा आहे, पद्धतीचा नाही.

खरी इटालियन स्पोर्ट्स कार भारतात येण्याचे रस्तेही ठरलेले होते, आणि प्रत्येक रस्ता कागद मागे सोडतो. वकिलातीतल्या अधिकाऱ्याने आणलेली गाडी जाताना राज्य व्यापार महामंडळाकडे जाई आणि तिथून विकली जाई. महामंडळाचे विक्रीपत्र हा त्या गाडीचा इथला जन्मदाखला. संस्थानिकांच्या गाड्यांना आयातीची, खाजगी खात्याच्या खर्चाची नोंद असते. पर्यटकाने कार्नेटवर आणलेली गाडी मुदतीत परत जायला हवी. ती गेली नाही आणि कुठल्याशा आडगावच्या आरटीओत तिची नोंद सापडली, तर मधला दुवा संशयास्पद समजावा. नंबरप्लेटही वाचायला शिकावे लागते. एमएच आणि जिल्ह्याचा आकडा ही पद्धत जुलै १९८९ पासूनची. त्याआधी मुंबईच्या गाड्यांवर बीएम, एमआर, एमएम अशा अक्षरांनी सुरू होणाऱ्या मालिका असत. १९५८ च्या गाडीवर एमएच-१५ अशी नाशिकची पाटी दिसली तर ती परराज्यातून आली असेल, किंवा नोंदणी मध्ये तुटून नव्याने झाली असेल. दोन्ही गोष्टी निर्दोष असू शकतात. पण १९५८ ते नव्या नोंदणीपर्यंतची वर्षे कुठे गेली, हे विचारल्याशिवाय पुढे जाऊ नये.

जुलै २०२१ मध्ये केंद्राने मोटार वाहन नियमांत दुरुस्ती करून व्हिंटेज गाड्यांसाठी वेगळी नोंदणी आणली. पन्नास वर्षांहून जुनी, चेसीस, बॉडी आणि इंजिन यांत मोठा बदल न झालेली गाडी तीत बसते. पाटीवर व्हीए अक्षरे येतात, नव्या नोंदणीला २० हजार रुपये आणि दहा वर्षांनी नूतनीकरणाला पाच हजार. नियम आला हे चांगलेच झाले, कारण तोवर जुनी गाडी कायद्याच्या लेखी नुसती म्हातारी गाडी होती. पण त्याचा भर गाडीच्या आजच्या अवस्थेवर आहे. बेंटलीच्या खटल्यात जे दोन प्रश्न वेगळे झाले त्यांपैकी पहिलाच इथे विचारला जातो. मालकीची साखळी, झालेले बदल, बदललेल्या इंजिनाचा जुना नंबर यांची कायम जोडून राहणारी पुरवणी गाडीच्या नोंदीला असावी, असे मला वाटते. तिला फार खर्च नाही. आज जुने आरसी बुक जमा करून नवे कार्ड मिळते तेव्हा मालकांची नावे, खोडलेले पत्ते, इन्स्पेक्टरची सही असा सगळा मागचा पट एका क्षणात हातातून जातो. सरकारी दप्तरात अभिलेखांचे वर्ग असतात. अ वर्गाचे कायम, ब वर्गाचे तीस वर्षे, बाकीचे त्याहून कमी, आणि मुदत संपली की नष्ट. कार्यालयाच्या दृष्टीने त्यात गैर काही नाही. म्हणूनच ही जबाबदारी मालकावर येते. कार्ड देण्याआधी आरसी बुकाच्या प्रत्येक पानाचा फोटो, विम्याच्या जुन्या पॉलिसी, मालकी हस्तांतराच्या (टीटीओ) फॉर्मच्या प्रती, गॅरेजची बिले, इंजिन बोअर केल्याची पावती हे सगळे गाडीबरोबर पुढच्या मालकाकडे जायला हवे.

एक प्रश्न असा आहे की त्यावर जाणकारांतही एकमत नाही, आणि पुस्तकाच्या अखेरच्या भागात तो विस्ताराने येतो. अपघातानंतर सांगाडा एकाने नेला, इंजिन आणि बॉडी दुसऱ्याने. तीस वर्षांनी दोघांनी आपापल्या भागाभोवती गाडी उभी केली, आणि एकच नंबर दोन देशांत दोन गाड्यांवर आला. खरी कोणती? काहींच्या मते जिच्यात मूळ धातू जास्त ती. मला हे पटत नाही, कारण मग तराजूच आणावा लागेल. माझ्या मते नंबर सांगाड्याबरोबर जातो, पण त्या सांगाड्याची मालकी कधी तुटलेली नसली तरच. दुसऱ्या गाडीने आपले खरे चरित्र पाटीवर लिहावे: इंजिन या चेसीसचे, सांगाडा नवा, बांधणी अमुक वर्षाची. अशी गाडी कमी दर्जाची नाही. ती प्रामाणिकपणे वेगळी आहे आणि तिला मानाची जागा मिळायला हवी. खोटेपणा सुरू होतो तो ही ओळ गाळली जाते तेव्हा. दोन्ही मालक एकत्र येऊन भाग पुन्हा एका गाडीत आणतात असेही घडते, आणि तो सर्वांत चांगला शेवट.

या पुस्तकाचे पहिले प्रकरण मारानेल्लोऐवजी कुर्ल्याच्या फियाटचे ठेवले आहे, आणि तो क्रम मला योग्य वाटतो. जीटीओ छत्तीस आहेत. प्रत्येकीवर जगभरच्या अभ्यासकांची नजर आहे, तिचा एखादा कागद हरवला तरी चार प्रती निघतील. मिलेचेंतोचे तसे नाही. मुंबईतली शेवटची पद्मिनी टॅक्सी २९ ऑक्टोबर २००३ रोजी ताडदेव आरटीओत नोंदली गेली, आणि वीस वर्षांच्या मर्यादेमुळे ऑक्टोबर २०२३ च्या अखेरीस तिची सेवा संपली. खाजगी गाड्या अजून आहेत, नाशिकच्या वाड्यांत, इगतपुरीच्या बंगल्यांच्या शेडमध्ये, देवळालीच्या जुन्या गॅरेजांत. ज्यांनी त्या नव्या घेतल्या त्यांची मुले आज सत्तरीत आहेत. गाडी कुणाकडून आली, इंजिन कधी उतरवले, मूळ रंग कोणता होता, हे त्यांना तोंडपाठ आहे आणि बिले कपाटात आहेत. त्या कागदांची यादी कशी करायची, काय विचारायचे आणि उत्तर कशाशी ताडून बघायचे, हे पहिल्या प्रकरणात पायरीपायरीने दिले आहे. ज्यांच्या घरी अशी गाडी आहे त्यांनी ते प्रकरण आधी वाचावे, आणि पुढची पाने उलटण्यापूर्वी ते कपाट उघडावे.